परदेशात जन्मलेल्या मुलीची भारतीय नोंदणी

माझ्या मुलीचा जन्म फेब्रुवारी २०२४ मध्ये जपानमध्ये झाला. जन्मानंतर तेराव्या दिवशी तिच्या बाबांनी वॉर्ड कार्यालयात जाऊन जन्माची सूचना दिली आणि येताना रहिवासी नोंदीचा उतारा आणला. त्यावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘भारत’ असे छापलेले होते. बाळाच्या अंथरुणाशेजारी बसून मी तो कागद कितीदा तरी वाचला आणि एक मोठे काम हातावेगळे झाले अशा समजुतीने फायलीत ठेवून दिला. वस्तुतः त्या दिवशी भारत सरकारच्या दप्तरी तिचे नावही नव्हते. जपानी कर्मचाऱ्याने आई-वडिलांचे पासपोर्ट पाहून तो शब्द लिहिला होता. भारताचा नागरिक कोण, हे मात्र भारताचाच कायदा ठरवतो, आणि त्या कायद्याच्या दृष्टीने माझी मुलगी अजून नागरिक झालेली नव्हती.

हे मला दोन-तीन आठवड्यांनी कळले, तेही पासपोर्टच्या अर्जाची माहिती वाचताना. आई-वडील भारतीय असले की मूल भारतीय, मग ते जगात कुठेही जन्मलेले असो, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे आणि माझीही तीच होती. नागरिकत्व अधिनियम, १९५५ मधील कलम ४ परदेशात जन्मलेल्या मुलांविषयी आहे. आई किंवा वडील यांपैकी कोणी एक मुलाच्या जन्माच्या वेळी भारतीय नागरिक असले पाहिजे, ही त्यातली पहिली अट सगळ्यांच्या ओळखीची आहे. दुसरी अट २००३ च्या दुरुस्तीने आली आणि ३ डिसेंबर २००४ पासून अमलात आहे: त्या तारखेपासून पुढे भारताबाहेर जन्मलेली व्यक्ती, तिच्या जन्माची नोंद भारतीय वाणिज्य दूतावासात ठरलेल्या नमुन्यात झाल्याखेरीज, भारताची नागरिक होणार नाही. या नोंदणीची मुदत जन्मापासून एक वर्ष आहे. ती टळली तर नोंदणीसाठी केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते.

‘झाल्याखेरीज नाही’ या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. एरवी दाखला हा आधीच घडून गेलेल्या गोष्टीचा असतो. मूल आधी जन्मते, जन्मदाखला मागाहून निघतो, आणि दाखला निघाला नाही म्हणून मूल जन्मलेच नाही असे कोणी म्हणत नाही. इथे तसे नाही. इथे नोंदणी हीच नागरिकत्वाची अट आहे, त्यामुळे हक्क आणि हक्काचा पुरावा हे दोन्ही एकाच कागदातून निघतात. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक भारतीय आई-वडिलांना ही गोष्ट प्रसूतीपूर्वीच ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते, आणि हा लेख मी मुख्यतः त्यासाठी लिहीत आहे.

भारताबाहेरच्या भारतीयांनी आपल्या देशाच्या प्रतिनिधीकडे नाव नोंदवावे, ही कल्पना मुळात नवी नाही. संविधानाच्या अनुच्छेद ८ मध्ये ती आहे. ज्यांचा स्वतःचा, आई-वडिलांचा किंवा आजी-आजोबांचा जन्म अविभाजित भारतात झाला होता आणि जे परदेशी राहत होते, त्यांना भारताच्या राजनैतिक किंवा वाणिज्य प्रतिनिधीकडे नोंदणी करून नागरिक होता येत होते. पुढे १९५५ चा अधिनियम आला आणि त्यात परदेशी जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व वडिलांवर ठरू लागले. २६ जानेवारी १९५० पासून १० डिसेंबर १९९२ पूर्वीपर्यंत परदेशात जन्मलेल्या मुलाला केवळ आई भारतीय आहे एवढ्या आधारावर या कलमाखाली नागरिकत्व मिळत नव्हते. वडील भारतीय असावे लागत. ज्या बाईने मूल नऊ महिने पोटात वाढवले, तिचा पासपोर्ट त्या मुलाच्या नागरिकत्वाच्या कामी येत नव्हता. १९९२ च्या दुरुस्तीने ‘वडील’ या शब्दाच्या जागी ‘आई-वडिलांपैकी कोणीही’ असा बदल झाला. जपानमध्येही असेच होते. तिथल्या कायद्याने आईकडून मिळणारे नागरिकत्व १ जानेवारी १९८५ पासून मान्य केले, म्हणजे आपल्या जवळजवळ आठ वर्षे आधी. मुलीच्या अर्जावर आईच्या नागरिकत्वाचा रकाना भरताना या तारखा माझ्या मनात होत्या. तो रकाना आज मी बिनधास्त भरते आणि त्याला पूर्ण वजन आहे, पण माझ्या आईच्या पिढीतल्या स्त्रियांना तसे म्हणता येत नव्हते.

जपानमध्ये केवळ तिथे जन्म झाला म्हणून कोणाला नागरिकत्व मिळत नाही. आई किंवा वडील जपानी असावे लागतात. दोघेही कोण हे माहीत नसेल किंवा दोघेही राष्ट्रहीन असतील तेवढाच अपवाद. त्यामुळे आमच्या मुलीपुढे दोन देशांतून निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. भारताची नोंदणी झाली नसती तर तिला कोणत्याच देशाचे नागरिकत्व नसते, फक्त एका परक्या देशाच्या उताऱ्यावर आपल्या देशाचे नाव असते. हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही. आपल्या मुलाचा जन्म ज्या देशात होणार आहे तो देश जन्माच्या आधारे नागरिकत्व देतो की नाही, हे आधी पाहून ठेवावे, कारण पुढची सगळी घाई किंवा सवड त्यावरच ठरते.

कागदांची सुरुवात रुग्णालयापासूनच होते. जपानमधला जन्मसूचनेचा अर्ज हा एकच रुंद कागद असतो. त्याच्या उजव्या अर्ध्या भागावर डॉक्टर किंवा सुईण जन्माचा दाखला लिहून देते आणि डावा अर्धा भाग आई-वडिलांनी भरायचा असतो. जन्माची वेळ, वजन आणि लांबी हे उजवीकडे, नाव आणि पत्ता हे डावीकडे. हा अर्ज चौदा दिवसांच्या आत द्यावा लागतो. आमचे बारसे बाराव्या दिवशी घरातल्या घरात, दोन्ही आज्यांना व्हिडिओ कॉलवर घेऊन झाले आणि तेराव्या दिवशी अर्ज गेला. नाव आधी ठरलेले नसते तर काय झाले असते, हा विचार आजही मनात येतो. मूल जपानमध्ये साठ दिवसांहून अधिक राहणार असेल तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत इमिग्रेशन कार्यालयात त्याच्या वास्तव्य परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. तेव्हा पासपोर्ट हातात नसतोच. तो अजून काढायचा आहे असे सांगून अर्ज देता येतो आणि आम्ही तसाच दिला.

खरी अडचण नावाची झाली. जपानी अर्जावर नावासाठी दोनच घरे आहेत, एक आडनावाचे आणि एक स्वतःच्या नावाचे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे लागतात, आणि आमच्या दोघांच्याही पासपोर्टवर ‘नाव’ या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे अशी दोन्ही नावे एकामागोमाग छापलेली आहेत. मुलीच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव तिच्या नावाला जोडून यावे की नाही, हा निर्णय आम्हाला पासपोर्टच्या वेळी नव्हे तर त्या तेराव्या दिवशीच घ्यावा लागला, कारण भारतीय नोंदणीत नाव स्थानिक जन्मदाखल्यावर जसे आहे तसेच यावे अशी अपेक्षा असते. आम्ही वडिलांचे नाव जोडले नाही. आई-वडिलांसाठी स्वतंत्र रकाने पुढे प्रत्येक कागदावर असतातच, आणि परदेशात मधले नाव कधी पहिल्या नावाला चिकटते, कधी गळून पडते, तर कधी आडनाव होऊन बसते, हे आम्ही स्वतःच्या बाबतीत पुरेसे अनुभवले होते. दुसऱ्या कोणी वेगळा निर्णय घेतला तर तोही योग्यच म्हणेन. मात्र तो विचारपूर्वक आणि वेळेत घ्यावा.

त्यातही लिपीचा प्रश्न होता. परदेशी व्यक्तीचे नाव जपानी कागदावर काताकाना लिपीत लिहितात. त्या लिपीत ल आणि र यांसाठी वेगवेगळी अक्षरे नाहीत, आणि न सोडला तर शब्दाच्या शेवटी नुसते व्यंजन लिहिता येत नाही, त्याला स्वर जोडावा लागतो. ‘कमल’ हे नाव त्या लिपीत ‘कामारु’ असे होते. आता अशा दाखल्याचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्याने समोरची अक्षरे जशीच्या तशी रोमन लिपीत उतरवली, तर मुलीचे नाव कागदोपत्री ‘कामारु’ होऊन बसेल. सूचनेच्या अर्जात काताकाना अक्षरांसोबत रोमन लिपीतले नावही लिहिता येते. ते लिहावेच, आणि कार्यालयातून बाहेर पडण्यापूर्वी ते नोंदीत उतरले आहे की नाही हे पाहावे.

भाषांतरात आमच्या बाबतीत एक चूक झालीच. जपानी सरकारी कागदांवर सहसा इसवी सन नसतो. सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष असते. सध्याचे युग रेइवा, त्याचे पहिले वर्ष २०१९, म्हणून रेइवा ६ म्हणजे २०२४. आम्ही ज्यांच्याकडून भाषांतर करून घेतले त्यांनी ते २०२३ असे लिहिले. शिक्का, सही, कोरा पांढरा लिफाफा, सगळे नीटनेटके, आणि आत मुलगी एका वर्षाने मोठी. दूतावासातल्या भेटीच्या आदल्या रात्री दोघांनी मिळून एकाने मूळ वाचायचे आणि दुसऱ्याने भाषांतरावर बोट ठेवायचे असे ठरवले म्हणून ती चूक सापडली. भेटीची तारीख पुढे ढकलावी लागली. या चुकीचे मला अजूनही वाईट वाटते, कारण नोंदणीच्या कायद्यात तारखेला इतके महत्त्व आहे की जन्मवर्ष एकाने मागे गेले असते तर आमचा अर्ज वर्षाच्या मुदतीबाहेरचा ठरला असता.

जपानी दाखला घ्यायचा तर त्यातही दोन प्रकार आहेत. जन्मसूचना स्वीकारल्याचे प्रमाणपत्र त्रोटक असते. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख आणि आई-वडिलांची नावे एवढेच येते. दुसरे प्रमाणपत्र म्हणजे संपूर्ण सूचनापत्राची अधिकृत प्रत, ज्यात डॉक्टरांचा दाखलाही दिसतो. मी दोन्हींच्या एकाहून अधिक प्रती घ्याव्यात असे सांगेन, आणि त्याला एक ठोस कारण आहे. आई आणि वडील दोघेही परदेशी असतील तर त्यांच्या मुलाची जन्मसूचना जपानच्या कुटुंब नोंदवहीत चढत नाही. ते सूचनापत्र स्थानिक कार्यालयात ठेवले जाते आणि जपून ठेवण्याची मुदत दहा वर्षे आहे. मुलगी चौथी-पाचवीत जाईल तोवर तिच्या जन्माचा जपानमधला मूळ कागद नष्ट झालेला असू शकतो. हे वाचले त्या दिवसापासून भारतीय नोंदणीचा दाखला मला आणखी महत्त्वाचा वाटू लागला.

भारतीय बाजूचा अर्ज गृह मंत्रालयाच्या नागरिकत्वविषयक संकेतस्थळावर भरायचा असतो. नागरिकत्व नियम, २००९ मधला पहिलाच नमुना या नोंदणीचा आहे. भरलेला अर्ज छापून, त्यावर सह्या करून, मूळ कागदांसह दूतावासात न्यायचा. दोघांचे पासपोर्ट, विवाह नोंदणीचा दाखला, स्थानिक जन्मदाखला आणि त्याचे भाषांतर, वास्तव्याचे कार्ड, एवढे प्रामुख्याने लागले. माझ्या पासपोर्टवर माझे माहेरचे नाव आहे आणि यजमानांचा पासपोर्ट लग्नापूर्वीचा, त्यामुळे त्यात पत्नीच्या नावाचा रकाना रिकामा. आमचा एकमेकांशी संबंध दाखवणारा एकच कागद विवाह नोंदणीचा होता आणि तो सुदैवाने मूळ स्वरूपात सोबत होता. तो भारतातल्या कपाटात राहिला असता तर आणखी काही आठवडे गेले असते.

या अर्जातला सर्वांत गंभीर भाग म्हणजे आई-वडिलांची घोषणा. मुलाकडे दुसऱ्या कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही, असे दोघांनी लिहून द्यायचे असते आणि त्याशिवाय नोंदणी होऊच शकत नाही. आम्हाला ही सही करताना विचार करावा लागला नाही. माझ्या आतेबहिणीची गोष्ट वेगळी. तिचा मुलगा अमेरिकेत जन्मला, म्हणून तो तिथल्या घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीनुसार जन्मतःच अमेरिकेचा नागरिक. त्यांना बाळाला घेऊन लवकर भारतात यायचे होते, तेव्हा हाताशी होता तो सोपा मार्ग म्हणून त्यांनी अमेरिकी पासपोर्ट काढला आणि मग त्याचे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड केले. हा निर्णय पूर्ण कायदेशीर आहे आणि त्यांच्यासाठी बरोबरही असेल. परंतु ती मला फोनवर म्हणाली, “अगं, त्याचं दोन्हीकडचं नागरिकत्व झालं,” तेव्हा तिला समजावून सांगणे मला माझे कर्तव्य वाटले. ओसीआय या नावात ‘नागरिक’ हा शब्द असला तरी ते भारताचे नागरिकत्व नव्हे. त्यात दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि काही सवलती आहेत, मतदानाचा हक्क नाही. त्या मुलाला पुढे भारतीय नागरिक व्हायचे असेल तर वेगळ्या कलमाखाली, वेगळ्या अटींवर अर्ज करावा लागेल. ओसीआय म्हणून पाच वर्षे नोंदणी आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य हा त्यातला एक मार्ग आहे.

इथे कायद्यातला एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे, कारण अनेक जण तो ऐकून चकित होतात. घोषणा आहे ती दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसल्याची. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व नसल्याची नव्हे. म्हणजे जन्माच्या आधारे नागरिकत्व देणाऱ्या देशात मूल जन्मले आणि आई-वडिलांनी तिथला पासपोर्ट घेतला नाही, तर भारतीय नोंदणी होऊ शकते. पण ती सवलत कायमची नाही. कलम ४ मध्येच पुढे म्हटले आहे की असे मूल सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या देशाचे नागरिकत्व सोडणार नाही, तर त्याचे भारतीय नागरिकत्व संपेल. अठरा वर्षांच्या मुलाला परीक्षा आणि प्रवेश यांच्या धामधुमीत ही तारीख कोण आठवण करून देणार? ती आई-वडिलांनीच कुठेतरी ठळक लिहून ठेवली पाहिजे.

मुदत चुकली तर काय होते हे आम्ही एका ओळखीच्या मराठी कुटुंबाच्या बाबतीत जवळून पाहिले. मुलगा जन्मला तेव्हा वडिलांची नोकरी बदलत होती, मग घर बदलले, मग भाषांतर दोनदा करावे लागले, आणि मुलाला इतक्यात कुठे न्यायचे आहे, पासपोर्ट सावकाश काढू, असे म्हणता म्हणता चौदावा महिना उजाडला. त्यांनी कधी नोंदणी टाळली नव्हती. नोंदणी आणि पासपोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीला मुदत आहे, हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. मग उशिराची कारणे लिहून द्यावी लागली, प्रकरण परवानगीसाठी दिल्लीला गेले आणि महिन्यांमागून महिने वाट पाहणे सुरू झाले. त्याच काळात भारतात मुलाचे आजोबा अखेरच्या आजारात होते. वडील एकटे गेले आणि आई मुलाला घेऊन मागे राहिली. नातवाला आजोबांनी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिले. परवानगी पुढे मिळाली, नोंदणी झाली, मुलगा आज भारतीय नागरिक आहे. तरीही त्याची आई त्या दिवसांविषयी बोलू लागली की मधेच थांबते. म्हणून कोणी मला “वर्षभर वेळ आहे ना?” असे विचारले तर मी सांगते की वर्ष हे शेवटचे टोक आहे, पहिल्या तीन महिन्यांत काम उरकावे.

दुसरा एक गैरसमज भारतात परतणाऱ्यांमध्ये आढळतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम २० मध्ये अशी सोय आहे की परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद तिथल्या भारतीय दूतावासात झालेली नसेल आणि आई-वडील स्थायिक होण्यासाठी भारतात परतले असतील, तर मूल भारतात आल्यापासून साठ दिवसांच्या आत त्यांना इथे जन्माची नोंद करता येते. ही सोय उपयुक्त आहे, पण ती जन्माची नोंद आहे. नागरिकत्वाच्या अधिनियमाने जी नोंदणी मागितली आहे ती भारतीय वाणिज्य दूतावासातली आहे, आणि एकीने दुसरीची अट पुरी झाली असे गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते. उलट दिशेने मात्र कायदा उदार आहे: दूतावासात नागरिकत्वाच्या नियमांखाली झालेली जन्माची नोंद ही १९६९ च्या अधिनियमाखाली रीतसर झालेली नोंद मानली जाते.

हे शेवटचे वाक्य दिसायला कोरडे आहे, पण आमच्या मुलीच्या वयाच्या मुलांसाठी त्यातून पुष्कळ काही ठरणार आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे. शाळेतला प्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, सगळीकडे तोच दाखवायचा. आमच्या पिढीला शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बरेच काही निभावून नेता आले, तसे या मुलांना करता येणार नाही. आधार कार्डाच्या कायद्यातच म्हटले आहे की तो क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नाही. पासपोर्ट हा प्रवासाचा दस्तऐवज आहे आणि व्यवहारात त्याला मोठे वजन असले, तरी तो ज्या पायावर उभा आहे तो पाया नोंदणीचा आहे. पासपोर्ट हातात आला की नोंदणीचा कागद कुठेतरी सारून देणारी माणसे मी पाहिली आहेत. कृपा करून तसे करू नका.

आमचा दूतावासातला दिवस एप्रिलच्या अखेरीस ठरला. त्यासाठी दहा आठवड्यांच्या बाळाचा चौकोनी फोटो हवा होता: पांढरी पार्श्वभूमी, डोळे उघडे, चेहरा समोर, कोणाचा हात दिसता कामा नये. आम्ही जमिनीवर पांढरी चादर अंथरून तिला खिडकीच्या उजेडात ठेवले आणि मी तिच्या डोक्यामागे बसून चादर ताणून धरली. ती कॅमेऱ्याकडे सोडून सगळीकडे बघत होती. चाळीस-पन्नास फोटोंनंतर एक साधला, त्यातही तिच्या भुवया आश्चर्याने वर गेलेल्या आहेत. तोच फोटो पाच वर्षे तिच्या पासपोर्टवर राहणार.

मग अंगठ्याचा ठसा. सही करता न येणाऱ्या बाळाचा ठसा घ्यायचा असतो, आणि इतक्या लहान बाळाची मूठ किती घट्ट असते हे मला त्या दिवशी नव्याने कळले. बोटे एकेक करून सोडवली तर पहिले बोट पुन्हा मिटत होते. शेवटी ती दूध पिऊन झोपली तेव्हा मूठ आपोआप सैल झाली. यजमानांनी शाईची गादी धरली, मी तिचा अंगठा हळूच टेकवला आणि अर्जावरच्या चौकटीत ठेवला. मसुराच्या दाण्याएवढा निळा ठिपका उमटला. त्यात रेषा दिसत होत्या. खिडकीतल्या कर्मचाऱ्याने तो नीट पाहिला, मान डोलावली आणि आमच्या दोघांच्या सह्या घोषणेखाली घेतल्या. ते काम शांतपणे आणि आपुलकीने झाले, याबद्दल मी त्या अनोळखी माणसाची ऋणी आहे.

काही आठवड्यांनी जन्मनोंदणीचा दाखला आणि पासपोर्ट दोन्ही आले. आम्ही पुन्हा आदल्या वेळेसारखेच बसलो. यजमानांनी एकेक अक्षर वाचले आणि मी जपानमध्ये प्रत्येक गरोदर स्त्रीला मिळते त्या माता-बालक पुस्तिकेशी ते ताडून पाहिले. नाव बरोबर होते, शेवटचा ल जागेवर होता. तारीख बरोबर, वर्ष २०२४. आईचे नाव, वडिलांचे नाव, जन्मस्थळ, नोंदणीची तारीख. पासपोर्टवर मुदत संपण्याची तारीख आहे, २०२९ मधली, आणि ती मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे. दाखल्यावर तसा रकाना नाही. त्याच्या चार साक्षांकित प्रती केल्या, एक माझ्या आईकडे, एक सासूबाईंकडे पाठवली, आणि मूळ प्रत विवाह नोंदणीच्या दाखल्याबरोबर एकाच पाकिटात ठेवली.